निळ्या नक्षीची छोटी जपानी कुपी मिळालीय, ही कशासाठी असते? आणि नक्षी हाताची की प्रिंट?

अनुजा_नौपाडा

नमस्कार. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, नौपाड्यातच भाड्याच्या घरात शिफ्ट होतोय, त्यामुळे माळे कपाटं सगळं उपसणं चालू आहे. सासूबाईंच्या कपाटात अगदी मागे एक लाकडी पेटी निघाली, हातात घेतली तर रिकामी वाटावी इतकी हलकी, वर सुती पट्टीची गाठ मारलेली आणि झाकणावर काळ्या शाईत जपानी किंवा चिनी अक्षरं. आत पिवळट कापडात गुंडाळलेली चिनीमातीची वस्तू. कमंडलूचा भोपळा असतो ना, मधे कंबर असलेला, तो आकार. मुठीत मावते. वरचं तोंड एवढंसंच, माझी करंगळी जेमतेम जाते. झाकण, बूच काही नाहीये.

पांढऱ्यावर निळी नक्षी आहे आणि ती मला फारच आवडलीय. वरून खालपर्यंत तिरके पट्टे पीळ घेत उतरतात आणि प्रत्येक पट्ट्यात वेगळं काम, एकात माशाचे खवले, एकात जाळी, एकात एकमेकांत अडकलेली वर्तुळं, आणि मधेमधे छोट्या गोलात डोंगर, होडी, झाड असं चित्र. बुडाला निळ्यातच दोन ओळीत आठ अक्षरं.

सासूबाईंचे मामा मर्चंट नेव्हीत होते, कोबे योकोहामाला जहाज लागायचं, त्यांनी आणलेली एवढंच त्यांना आठवतंय, कशासाठी ते मामांनी सांगितलं नाही की त्या विसरल्या देव जाणे. घरात प्रत्येकाचं वेगळं मत, मुलगी म्हणते अत्तरदाणी, हे म्हणतात शाईची दौत, आणि दीर म्हणतात चायना माल आहे, प्रिंटेड आहे, उगाच जागा अडवू नका. मला टाकायची नाहीये. पण नक्की काय आहे ते कळलं तर बरं वाटेल. फोटो टाकलेत, झाकणाचा पण. धुवू का हे पण सांगा.

ऐरोलीकर

साकेची बाटली वाटतेय. जपानी हॉटेलात अशाच आकाराची देतात.

निहोंगो_नेरुळ

साकेची नाही दादा, ती बाटली हिच्यापेक्षा बरीच मोठी असते आणि तोंड ओतायला सोयीचं पसरट असतं.

ताई, झाकणावर शोन्झुइ फुरिदाशी असं लिहिलंय. फुरिदाशी म्हणजे जपानी चहाच्या समारंभातली मिठाईची कुपी. तिकडे माच्चा (हिरव्या चहाची पूड फेटून केलेला चहा) प्यायच्या आधी गोड खायला देतात, घरात बसून चहा असेल तर ओली मिठाई मोठ्या वाडग्यातून येते, पण बाहेर, म्हणजे बागेत किंवा प्रवासात चहा करायचा तर त्यासाठी एक वेगळी लाकडी पेटी असते, चाबाको म्हणतात, तिच्यात बाऊल, चहाची डबी, बांबूची रवी (ती चहा फेटायची) सगळं लहान आकाराचं बसवलेलं असतं आणि त्यातच ही कुपी असते. बूच काढायचं, पाहुण्याने हातातल्या घडी घातलेल्या कागदावर कुपी तिरकी करून हलवायची, दोनचार गोळ्या बाहेर येतात, त्या खायच्या, कुपी पुढच्याकडे द्यायची. म्हणून तोंड इतकं लहान, सगळं एकदम सांडू नये. आत बहुतेक वेळा कोन्पेइतो असते, म्हणजे साखरेच्या काटेरी रंगीत गोळ्या.

मी गेल्या वर्षी जपानी शिकवणाऱ्या बाईंकडे अशी कुपी हातात घेऊन बघितलीय, त्यांची मातीची साधी होती, तुमची बघून खरंच हेवा वाटला.

झाकणाच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव आणि लाल शिक्का आहे, तेवढाच भाग सरळ वरून, फ्लॅश न मारता, परत काढून टाका.

कळवा_खाडी

झाकण जपानी असेल, वस्तू कशावरून जपानी? बुडाखालची अक्षरं सरळ सरळ चिनी आहेत. पेटी एकाची आणि वस्तू भलतीच असं जुन्या बाजारात रोज बघायला मिळतं. आणि मला ही नक्षी छापील वाटतेय. इतकी बारीक जाळी आणि खवले हाताने कोण काढत बसेल. जपानात मेइजी काळापासून (१८६८ ते १९१२) छापील निळी भांडी भरपूर निघालीत, आधी स्टेन्सिल लावून आणि मग तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छाप घेऊन तो भांड्यावर चिकटवून. लांबून बघितलं तर हाताचंच वाटतं.

निहोंगो_नेरुळ

अक्षरं चिनी लिपीतलीच आहेत कारण जपानी लोक ती लिपी वापरतातच. पण इथे त्याच्यापुढची गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते म्हणून जरा लांबण लावतो.

१६३० च्या दशकात, म्हणजे चीनमधे मिंग घराण्याची शेवटची वर्षं, जपानमधल्या चहाच्या शौकिनांनी चिनीमातीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या चीनच्या जिंगदेझेन गावाला मागण्या पाठवून खास आपल्या आवडीची निळी पांढरी भांडी करून घेतली. तीच शोन्झुइ. तिरक्या पिळाचे पट्टे, पट्ट्यात भौमितिक नक्षी, गोलात निसर्गचित्र, आणि निळा जरासा जांभळ्याकडे झुकणारा, हे सगळं शोन्झुइ शैलीचं लक्षण. त्यातल्या कित्येकांच्या बुडाला आठ अक्षरं असतात, त्यांचं जपानी वाचन गोरोदायु गो शोन्झुइ असं होतं, शेवटचं अक्षर म्हणजे "बनवलं". ताईंच्या फोटोत तीच आठ आहेत. पुढे जपानी कुंभारांनी ही शैली उचलली ती अक्षरांसकट. क्योतोचे एइराकु होझेन (१७९५ ते १८५४) यांची शोन्झुइ कामं प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्यानंतरही क्योतोत हे काम चालूच राहिलं. म्हणजे बुडाला चिनी सही हे या जातीच्या जपानी वस्तूचं नेहमीचंच रूप आहे, करणाऱ्याचं खरं नाव पेटीवर शोधायचं. त्यात फसवाफसवी धरू नका, जुन्या चांगल्या कामाला मान द्यायची पद्धत आहे ती.

हाताचं की छापील ते मात्र मातीतल्या माणसाने सांगावं.

मातीकाम_घोडबंदर

मी सिरॅमिक्स शिकलेय आणि घरीच छोटी भट्टी आहे, कोबाल्टने रंगवते पण, त्यामुळे या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी हे काम होतं कसं ते बघा. भांडं घडवून वाळवून एकदा ९०० अंशाच्या आसपास भाजतात. मग ते पांढरट सच्छिद्र होतं आणि पाणी शोषतं. त्यावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढतात, जपानीत त्या रंगाला गोसु म्हणतात. तो तेव्हा निळा दिसतच नाही, काळपट राखाडी दिसतो, म्हणजे रंगवणाऱ्याला निळा किती गडद येणार ते पाण्याच्या प्रमाणावरून आणि सवयीने कळायला लागतं. आणि भांडं पाणी लगेच पितं त्यामुळे ब्रश टेकला की टेकला, पुसायची सोय नाही. त्यावर ग्लेझ (भाजल्यावर काच होणारा लेप) चढवायचं आणि परत साधारण १३०० अंशाला भाजायचं, भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून, तेव्हा पांढऱ्याला ती निळसर थंड झाक येते आणि चित्र काचेच्या थराखाली कायमचं बसतं. म्हणून बोट फिरवलं तर चित्र हाताला लागत नाही. लाल सोनेरी काम ग्लेझच्या वर असतं, ते हाताला लागतं, ते झिजतंही. हे झिजत नाही.

आता हाताचं ओळखायचं कसं. चांगल्या कामात दोन वेगळे ब्रश असतात. बारीक टोकदार ब्रशने आधी बाह्यरेषा, आणि मग भरायला एक जाडजूड ब्रश, पोटात भरपूर पाणी धरणारा, जपानीत या भरण्याला दामी म्हणतात. आरितामधे (क्युशु बेटावरचं गाव, जपानात पोर्सिलेनची सुरुवात तिथे १६१६ ची मानतात, कोरियाहून आणलेल्या कुंभारांच्या हातून) रेषा काढणारे वेगळे आणि दामी करणारे वेगळे, आणि दामी हे परंपरेने बायकांचं काम. ब्रशमधला पाणीदार रंग सोडायचा, थेंब रेषेच्या आत फिरवत न्यायचा आणि जास्तीचा परत ब्रशने ओढून घ्यायचा. मी करून बघितलंय, सपाट फरशीवरसुद्धा हात थरथरतो, इथे तर गोल, कंबर असलेल्या वस्तूवर केलंय.

म्हणून अनुजाताई, घरातलं कुठलंही भिंग घ्या, नाहीतर मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करा आणि खिडकीपाशी बसून बघा. भरलेल्या जागेत निळा सगळीकडे सारखा आहे की कुठे साचून गडद, कुठे ओढल्यासारखा फिका. रेषेच्या सुरुवातीला जिथे ब्रश टेकलाय तिथे जरा जाड ठिपका आहे का. दोन खवले शेजारी शेजारी घेऊन बघा, हुबेहूब सारखे असतील तर शंका घ्या. हल्लीच्या डेकलमधे (भांड्यावर चिकटवायचं छापील चित्र) भिंगाखाली बारीक बारीक टिंबं दिसतात. तांब्याच्या छापात सावली दाखवायला समांतर बारीक रेघा असतात. स्टेन्सिलमधे रेषा मधेमधे तुटते, कारण कापलेला कागद कुठेतरी जोडलेला ठेवावाच लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंबर बघा. सपाट कागदावरचा छाप अशा आत बाहेर वळणाऱ्या अंगावर बसवला की कंबरेपाशी तो सुरकुततो, नाहीतर कापून एकावर एक चढवावा लागतो. तिथे नक्षी मोडलेली दिसते. हाताने काढणारा माणूस मात्र कंबर आली की जाळी लहान करत नेतो आणि खाली पोट आलं की परत मोठी.

कळवा_खाडी, "कोण काढत बसेल" याचं उत्तर असं की बसतात, आजही बसतात.

ऐरोलीकर

जयपूरची ब्लू पॉटरी पण अशीच असते ना? आमच्याकडे त्याच्या बरण्या आहेत. एकच प्रकार का?

मातीकाम_घोडबंदर

नाही हो, रंग तेवढा कोबाल्टचा. जयपूरचं अंग क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, डिंक असं एकत्र करून होतं आणि बऱ्याच कमी तापमानाला भाजतात. ते सुंदर आहे पण नाजूक, पाणी मुरतं त्यात. पोर्सिलेन आतपर्यंत काचेसारखं घट्ट होतं आणि पातळ असलं तर उजेड पार जातो. अनुजाताई, अंधारात कुपीच्या तोंडाला मोबाईलचा टॉर्च लावून बघा.

अनुजा_नौपाडा

बापरे, इतकं सगळं. रात्री जेवणं झाल्यावर सगळे जमलो आणि लाइट घालवून टॉर्च लावला. पोटाकडून अक्षरशः मधासारखा उजेड बाहेर आला आणि निळी नक्षी काळी दिसायला लागली! सासूबाई किती वेळ हातात धरून बसल्या होत्या.

सकाळी खिडकीत बसून भिंगाने बघितलं. टिंबं कुठेच नाहीत. खवल्यांच्या पट्ट्यात निळा खालच्या कडेला साचलाय. कंबरेपाशी जाळीची घरं अगदी तांदळाएवढी होतात आणि खाली परत मोठी, मोडलेलं काही नाही. आणि एक गंमत दिसली, सगळे पट्टे सारख्या रुंदीचे आहेत पण एक पट्टा बाकीच्यांपेक्षा अरुंद आहे, बहुतेक फिरवत फिरवत शेवटी आल्यावर तेवढीच जागा उरली असेल. त्यात नक्षी पण सोपी केलीय. मला तो पट्टा सगळ्यात जास्त आवडला, तिथे माणूस दिसतो.

क्लोजअप टाकलेत, शिक्क्याचा पण.

कळवा_खाडी

कंबर बघितली. अरुंद पट्टा बघितला. हाताचंच काम आहे, आणि चांगल्या हाताचं. पण हाताचं म्हणजे जुनं असं लगेच धरू नका, कोणी जुन्या बाजारात शेदोनशे वर्षांची म्हणून गळ्यात मारायला किंवा उलट कवडीमोलाने घ्यायला बघेल, दोन्हीपासून सांभाळा.

मातीकाम_घोडबंदर

हे अगदी बरोबर. क्योतोत अशा कुप्या आत्ताही रंगवून विकतात. मामांनी बंदरावरच्या दुकानातून किंवा क्योतोला जाऊन त्या वेळची नवी घेतली असणं सहज शक्य आहे आणि त्याने तिची किंमत माझ्या लेखी जराही कमी होत नाही. निळ्याच्या छटेवरून पण वय ठरवू नका. १८७० च्या सुमाराला गॉटफ्रीड वॅग्नर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने आरितामधे तयार कोबाल्ट ऑक्साइड आणलं, त्याआधीच्या खनिज गोसुत मँगनीज लोखंड मिसळलेलं असायचं म्हणून तो निळा मऊ, करडा दिसायचा, इथपर्यंत खरं. पण पुढचे कुंभार मुद्दाम मिसळण करून जुनी छटा आणतात.

पेटीची तुमच्या वस्तूशी जोडी जमते का ते बघायचं असेल तर कुपी आतल्या कापडासकट पेटीत ठेवून बघा. या पेट्या त्या त्या वस्तूच्या मापाने करतात, ढिली पडली किंवा अडली तर पेटी दुसऱ्याची.

अनुजा_नौपाडा

चपखल बसते. हलत पण नाही.

सुगंधाकाकू_चरई

मी इथे फारसं लिहीत नाही पण कोन्पेइतोचं वाचून राहवेना. साखरेच्या काटेरी गोळ्या म्हणजे आपला हलवाच की गं. मी लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून संक्रांतीचा हलवा घरी करते. मंद आचेवर परात, त्यात खसखस किंवा तीळ, वरून चमच्याने थोडा थोडा पाक आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. पाक जास्त पडला की गोळा होतो, आच वाढली की पिवळा पडतो. धीर धरला तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी काटा फुटायला लागतो आणि तो फुटताना बघण्यासारखा आनंद नाही. त्यांच्याकडे कसं करतात ते कोणी सांगेल का?

निहोंगो_नेरुळ

काकू, जवळजवळ तसंच! तिरकी मोठी कढई सतत फिरत असते, खालून आच, आणि कारागीर पळीने पाक घालत राहतो. आत बी म्हणून पूर्वी खसखसच असायची, आता जाड साखरेचा दाणा किंवा तांदळाची कणी. काटा पूर्ण यायला दोन आठवडे लागतात.

आणि मूळ पोर्तुगीज आहे, त्यांचं कॉन्फेइतो. १५६९ मधे लुइश फ्रोइश नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराला काचेच्या बाटलीत भरून कोन्पेइतो भेट दिली, अशी नोंद आहे. हा फ्रोइश जपानला जायच्या आधी कित्येक वर्षं गोव्यात होता. त्याच काळात आपल्याकडे वसई आणि ठाणेसुद्धा पोर्तुगिजांकडेच होतं, ते १७३७ ला ठाणं आणि १७३९ ला वसई मराठ्यांनी घेईपर्यंत.

सुगंधाकाकू_चरई

अगं बाई. अनुजा, मग या हळदीकुंकवाला त्या कुपीत हलवा भर आणि सगळ्यांच्या हातावर त्यातूनच दे. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे.

अनुजा_नौपाडा

काकू, सासूबाई हे ऐकून आत्ताच नवी साडी काढून बसल्यात. पण खायचं ठेवलेलं चालेल ना त्यात? आणि धुवायची कशी, हात तर आत जात नाही. शिफ्टिंग पण हळदीकुंकवानंतर लगेच आहे.

मातीकाम_घोडबंदर

बिनधास्त चालेल, रंग ग्लेझच्या खाली आहे आणि भट्टी कडक आहे. फक्त आधी तोंडाची कड बोटाने तपासा, टवका असेल तर राहू दे, फेव्हिक्विकने काही भरू नका. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, तोंडावर बोट धरून हलवायचं, तीनचारदा साध्या पाण्याने खळबळून उपडी न ठेवता आडवी ठेवायची म्हणजे हवा आत जाते. दोन दिवस तरी वाळू दे, आत ओल राहिली तर हलव्याचा लगदा होईल. आणि ही साठवायची बरणी नाही, पाहुणे यायच्या वेळी भरायची आणि संपल्यावर रिकामी करून ठेवायची. ठाण्याच्या हवेत तर नक्कीच.

पेटीला पाणी लावू नका. ती किरीच्या (एक हलकं जपानी झाड) लाकडाची असणार, त्याला पॉलिश नसतं, डाग लगेच बसतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, सावलीत वारा द्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, पावसाळ्यात आत बुरशी धरेल. खरं तर पोर्सिलेनला दमट हवेचं काही होत नाही, जपायची आहे ती पेटी आणि तिच्यावरची शाई.

शिफ्टिंगला कुपी पेटीत, पेटी टॉवेलात, आणि ती तुमच्या मांडीवर. पॅकर्सच्या टेम्पोत देऊ नका.

कळवा_खाडी

आणि मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी वस्तूंचं दालन आहे, टाटांच्या संग्रहातल्या वस्तू आहेत त्यात. सासूबाईंना घेऊन जा, निळी पांढरी भांडी समोर ठेवून बघितली की आपल्या वस्तूकडे बघायची नजर बदलते.

अनुजा_नौपाडा

नक्की जाणार. आज संध्याकाळी जांभळी नाक्याला हलवा बघायला चाललेय, आता तिथे ढीग लागले असतील.

सुगंधाकाकू_चरई

खसखशीचाच माग, आणि बारीक बघून घे. साबुदाण्याचा घेतलास तर त्या तोंडातून बाहेरच येणार नाही. पांढरा घे, त्या निळ्याशेजारी पांढराच शोभेल. नाही मिळाला चांगला तर मला सांग, माझी परात अजून चुलीवरच आहे.